अकबरीची सासू : रीमा लागू यांच्या विनोदी भूमिकांविषयी

रीमा लागू गेल्या तो दिवस १८ मे २०१७ चा. दुसऱ्या दिवशी सकाळी रोशन गेटजवळच्या चहाच्या हॉटेलात उर्दू, मराठी आणि हिंदी अशी तिन्ही वर्तमानपत्रे टेबलावर पडली होती आणि तिन्हींत जवळपास एकच गोष्ट लिहिली होती. पडद्यावरची आई गेली. सलमान खानची आई, संजय दत्तची आई, शाहरुख खानची आई. छायाचित्रेही तशीच, डोळ्यांत पाणी, डोक्यावर पदर. आमच्या शेजारी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी बातमी वाचली, चष्मा काढला आणि एवढेच म्हणाले, ‘‘देवकी गई बिचारी. क्या लडती थी!’’

त्या तीन भाषांतल्या मृत्युलेखांपेक्षा या एका वाक्यात अधिक समीक्षा आहे, असे आम्हाला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. रीमा लागू रडत छान होत्या, याबद्दल वाद नाही. पण हिंदी पडद्यावर रडणाऱ्या आया पुष्कळ झाल्या. ‘लडणारी’ आणि लडता लडता साऱ्या घराला हसवणारी बाई मात्र विरळा. त्यांच्या कामाचे मोल करायचे तर सुरुवात देवकीपासून करायला हवी. आईपर्यंत मग जाता येईल.

चरित्राचा भाग थोडक्यात सांगतो. मूळ नाव नयन भडभडे, जन्म २१ जून १९५८. आई मंदाकिनी भडभडे मराठी रंगभूमीवरच्या नावाजलेल्या अभिनेत्री. वसंत कानेटकरांच्या ‘लेकुरे उदंड जाहली’शी त्यांचे नाव जोडलेले. म्हणजे विनोदाचे बाळकडू घरातलेच. शाळा पुण्याची हुजूरपागा. पुढे मुंबईत युनियन बँकेत नोकरी आणि नोकरी सांभाळून नाटक. बँकेतलेच सहकारी आणि नट विवेक लागू यांच्याशी लग्न झाल्यावर त्या रीमा लागू झाल्या. रंगभूमीवर त्यांनी जे केले ते हलकेफुलके नव्हते. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मधली अत्याचार सोसून शेवटी उलटून उभी राहणारी अंबिका त्यांची. ‘सविता दामोदर परांजपे’ या नाटकातली, एका देहात दोन बायका वागवणारी भूमिकाही त्यांचीच. ‘सिंहासन’ (१९७९), ‘आक्रोश’ (१९८०), ‘कलयुग’ (१९८१) अशा चित्रपटांतून त्या दिसल्या, १९८५ च्या ‘खानदान’ मालिकेतून छोट्या पडद्यावर आल्या. हा सगळा प्रवास एका गंभीर अभिनेत्रीचा आहे.

मग १९८८ चा ‘कयामत से कयामत तक’ आला, १९८९ चा ‘मैंने प्यार किया’ आला आणि रीमाबाई आई झाल्या. तेव्हा त्यांचे वय एकतीस. पडद्यावरचा मुलगा सलमान खान त्यांच्याहून जेमतेम साडेसात वर्षांनी लहान. पुढे १९९९ च्या ‘वास्तव’मध्ये त्या संजय दत्तची आई झाल्या, तो त्यांच्याहून तेरा महिन्यांनी लहान. तिशीतल्या बाईला एकदा आई केले की चाळिशीतल्या नटाचीही आईच करायचे, हा हिंदी सिनेमाचा हिशेब. नटाचे वय थांबते, नटीचे दुप्पट वेगाने धावते. फिल्मफेअरने त्यांना चार वेळा सहाय्यक अभिनेत्री म्हणून नामांकन दिले आणि एकदाही बाहुली दिली नाही.

विषयांतर होईल, पण ‘वास्तव’ची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५७ च्या ‘मदर इंडिया’त नर्गिस आपल्या बंडखोर मुलावर, म्हणजे सुनील दत्तवर गोळी झाडते. पुढे खऱ्या आयुष्यात त्या दोघांचे लग्न झाले, संजय दत्त त्यांचा मुलगा. ‘वास्तव’च्या शेवटी रीमा लागू याच संजय दत्तला गोळी घालतात. नर्गिस आपा हयात असत्या तर त्यांनी या दृश्याकडे कसे पाहिले असते, असा विचार आमच्या मनात येतो. असो. आईपण हा रीमाबाईंच्या वाट्याला आलेला वारसा होता. त्यांची स्वतःची कमाई वेगळी आहे, आणि ती १९९४ मध्ये सुरू होते.

त्या एका वर्षात त्यांनी काय काय केले ते पाहावे. ‘हम आपके हैं कौन’मध्ये माधुरी दीक्षित आणि रेणुका शहाणे यांची आई. ‘श्रीमान श्रीमती’ या मालिकेत केशव कुलकर्ण्याची बायको कोकिळा. आणि सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तू तू मैं मैं’मध्ये सासू देवकी. सून राधाच्या भूमिकेत सुप्रिया पिळगांवकर. मालिका आधी दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर आणि पुढे स्टार प्लसवर २००० सालापर्यंत चालली. सुरू झाली तेव्हा ही सासू छत्तीस वर्षांची होती!

आमची पिढी देवकीच्या घरात वाढली असे म्हटले तरी चालेल. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. किराडपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत केबलची जोडणी मोजक्या घरांत होती आणि ज्या घरांत टीव्ही होता त्या घरांतही तो काहीसा गुन्हेगारासारखा ठेवलेला असे. वर कपडा, आणि जमातीचे लोक आले की कपडा खाली. पण संध्याकाळी शेजारच्या खालांच्या दिवाणखान्यात पंधरा-वीस बायका-पोरे जमत. इशाची अजान सुरू झाली की खाला उठून आवाज बंद करीत. चित्र चालू, आवाज बंद. बायका पदर, ओढण्या डोक्यावर घेऊन गप्प बसत. आणि त्या तीन-चार मिनिटांत, आवाजाविना, देवकी आणि राधा भांडत राहत.

त्या शांततेत कोणीतरी फिसकन हसायचे. मग दुसरे कोणी. अजान चालू असताना हसल्याबद्दल आम्हाला धपाटे मिळत, पण धपाटे घालणारीच्याही ओठांवर हसू असायचे. अभिनय म्हणजे काय, याचा तो आमचा पहिला धडा. संवाद ऐकू येत नव्हता, तरी कोणी काय टोमणा मारला, कोणाला लागला आणि आता उलट काय येणार, हे सगळे कळत होते. रीमाबाई आधी मान किंचित मागे घेत. मग डोळे मोठे. मग कंबरेवर हात. आणि मग, बोलण्याआधी, एक अर्धा क्षण काहीच नाही. तो अर्धा क्षण त्यांचा. सिनेमातल्या अभिनेत्रीला तो मिळत नाही, कारण तिथे संकलक मध्ये कात्री घालतो. समोर बसलेल्या प्रेक्षकाचा श्वास ऐकायची ज्याला सवय आहे तोच तो थांबा घेऊ शकतो. ‘पुरुष’ आणि ‘सविता दामोदर परांजपे’च्या प्रयोगांनी दिलेली ही गोष्ट त्यांनी सासूच्या भांडणात वापरली. सुप्रियाबाई वेगाने बोलत, शब्दांवर शब्द टाकीत. रीमाबाई त्यांना बोलू देत आणि मग एका नजरेत सगळे परत करीत. या जोडीत चेंडू दोघींकडेही सारखाच जात असे.

दुसरी गोष्ट आवाजाची. नवरा किंवा मुलगा खोलीत आला की देवकीच्या आवाजात साखर पडे. तीच बाई, तेच वाक्य, सूर वेगळा. ही लबाडी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक सासूला ओळखीची होती आणि प्रत्येक सुनेलाही. पण रीमाबाईंनी ती दुष्टपणाने केली नाही. गुळाचा खडा चोरून खाणाऱ्या पोरीसारखी केली. देवकी दुष्ट नाही. तिला हरणे आवडत नाही, एवढेच. विनोदी अभिनयात ही रेषा फार बारीक असते. जरा पुढे गेले की खलनायिका, जरा मागे राहिले की भाबडी आई. सहा वर्षे त्या त्या रेषेवर चालल्या.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण देवकी आम्हाला नीट कळली ती वर्गात.

उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला अकबरी-असगरीची ओळख करून द्यावी लागत नाही. मराठी वाचकांसाठी सांगायला हवे. डेप्युटी नजीर अहमद यांनी १८६९ मध्ये ‘मिरातुल उरूस’ नावाची कादंबरी लिहिली. नवरीचा आरसा, असा त्या नावाचा अर्थ. मुलींना वळण लागावे म्हणून लिहिलेल्या या पुस्तकाला तेव्हाच्या सरकारने बक्षीसही दिले. त्यात दोन बहिणी. थोरली अकबरी लाडावलेली, तोंडाळ, सासूशी भांडणारी, वेगळे घर थाटणारी आणि शेवटी एका ठकवणाऱ्या हज्जनकडून लुबाडली जाणारी. धाकटी असगरी शहाणी, गोड बोलणारी, चोरटी मोलकरीण पकडणारी, घराची घडी बसवणारी, मोहल्ल्यातल्या मुलींसाठी मकतब उघडणारी. पाठ्यपुस्तकात असो वा नसो, या दोघी उर्दू घराघरात आहेत. मुलगी उलट बोलली की तिला आजही ‘अकबरी’ म्हणतात.

असगरीबद्दल आम्हाला आदर आहे. मकतब उघडणाऱ्या बाईबद्दल शिक्षकाला आदर नसेल तर कोणाला असणार? पण वर्गातला अनुभव वेगळा आहे. असगरीचा भाग सुरू झाला की मुली वहीच्या मागच्या पानावर मेंदीच्या नक्ष्या काढू लागतात. अकबरी आली की माना वर होतात. नजीर अहमद यांनीही, स्वतःच्या नकळत असेल, पण जिवंत भाषा अकबरीलाच दिली आहे. असगरी शहाणपण सांगते, अकबरी बोलते. फक्त तिला बोलण्याची शिक्षा होते.

देवकी आणि राधा या दोघीही अकबरी आहेत. आमच्या मते ‘तू तू मैं मैं’चे सगळे मोठेपण इथे आहे. सासू चांगली आणि सून वाईट नाही, सून सोशिक आणि सासू छळणारी नाही. असगरी त्या घरात नाहीच. दोन अकबरी एका स्वयंपाकघरात आहेत आणि घर मोडत नाही. भांडण संपत नाही, पण कोणी लुबाडले जात नाही, कोणाला घराबाहेर काढले जात नाही, कोणाला धडा शिकवला जात नाही. सव्वाशे वर्षांच्या उपदेशानंतर अकबरीला पहिल्यांदा माफी मिळाली, तीही मराठी रंगभूमीवरून आलेल्या बाईच्या हातून.

कोणी म्हणेल, सासू-सुनेचा विनोद आमच्याकडे नव्हता काय? होता, भरपूर होता. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब यांची ‘सास-बहू’ ही दखनी कविता मराठवाड्यापासून हैदराबादपर्यंत घराघरात पोचली होती. कॅसेट लागली की चहाच्या हॉटेलात माणसे कप हातात धरून हसत. गुलबर्गा काय, औरंगाबाद काय, १९४८ पर्यंत एकाच निजामी राज्याचे भाग. भाषा एक, टोमणेही एकच. खतीबसाहेब थोर कवी. ‘केवडे का बन’ आम्ही आजही वाचतो. पण त्या मुशायऱ्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मंचावर एक पुरुष. तो कधी सासूच्या सुरात बोलतो, कधी सुनेच्या. समोर पंडालात पुरुष. आणि ज्यांच्या भाषेवर हा हशा चालला आहे त्या बायका पडद्यामागे, किंवा घरी. ही परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकातल्या विजापूरच्या हाशमीने बायकांच्या बोलीत गझला लिहिल्या. पुढे उत्तरेत रंगीन आणि इन्शा यांनी रेख्तीचा बाजार मांडला. बायकांची जबान पुरुषांच्या तोंडी, पुरुषांच्या करमणुकीसाठी. इस्मत चुगताई यांनी ती भाषा बायकांकडे परत आणली, हे खरे. पण इस्मत आपा आमच्या गल्लीत कितीजणींनी वाचल्या असतील? देवकी सगळ्यांनी पाहिली.

फरक एवढाच होता, आणि तो फार मोठा होता. आता सासूचे बोलणे बाई बोलत होती आणि बायका ते ऐकत होत्या. हशा पडद्याच्या अलीकडे आला होता.

खालांच्या त्या दिवाणखान्यात एक सून येत असे. दोन घरे सोडून राहायची. सासूबरोबर यायची, सासूच्या मागे बसायची. तिचा आवाज आम्हा पोरांनी कधी ऐकला नव्हता. सगळी गल्ली तिचे कौतुक करायची, ‘मुंह में जबान नहीं है बच्ची के’. हे कौतुकाचे वाक्य आहे, हे मराठी वाचकांनी लक्षात घ्यावे. ही न बोलणारी सून देवकी-राधाचे भांडण रंगात आले की सगळ्यांत मोठ्याने हसायची. इतकी की सासू मागे वळून बघायची. पुढे एका ईदनंतर ती माहेरी गेली आणि परत आली नाही. काय झाले ते कोणालाच कळले नाही, कारण तिने कोणाला काही सांगितलेच नव्हते. बडी-बुढी म्हणाल्या, भांडण नाही, तंटा नाही, अचानक कसे झाले? आम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांचे असू. भांडण नव्हते हेच कारण असू शकते, हे समजायला आम्हाला फार वर्षे लागली.

आता कोकिळेकडे वळतो. ‘श्रीमान श्रीमती’ अधिकारी बंधूंची, लेखन अशोक पाटोळे यांचे, दिग्दर्शन राजन वाघधरे यांचे. जतीन कनाकिया यांचा केशव शेजारच्या सिनेनटीवर, म्हणजे अर्चना पूरन सिंग यांच्या प्रेमा शालिनीवर लट्टू, आणि त्या नटीचा नवरा दिलरुबा, म्हणजे राकेश बेदी, कोकिळेवर. आपल्या बायकोपेक्षा शेजाऱ्याची बायको बरी, या एका चुटक्यावर शेकडो भाग. चुटका काही फार उंचीचा नाही. आम्ही तो २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा पाहिला, दूरदर्शनने जुन्या मालिका परत दाखवायला घेतल्या तेव्हा. रमजानचे दिवस होते, मशिदी बंद, तरावीह घरात. दिवसभर मोबाइलवर वर्ग घेऊन डोळे थकलेले. पोट धरून हसण्याची फार गरज होती, आणि कनाकियांनी ती भागवली. कनाकिया १९९९ मध्येच गेले, हे आठवून त्या हसण्यात थोडी कळही होती.

तर कोकिळा. या चौघांत तीन पात्रे अर्कचित्रासारखी आहेत. नटी भडक, तिचा नवरा लोचट, केशव लाळघोटा. अशा घरात एकाने जमिनीवर उभे राहावे लागते, नाहीतर सगळा तंबू उडून जातो. ते काम रीमाबाईंकडे आले. हसवणाऱ्यापेक्षा हे काम अवघड, कारण टाळ्या दुसऱ्याला मिळतात. त्यांनी कोकिळेला बिचारी होऊ दिले नाही. नवऱ्याचे सगळे तिला कळते आहे की नाही, याचा पत्ता त्या लागू देत नाहीत. चेहऱ्यावर अर्धे हसू, हातात घरचे काम, आणि नेमक्या वेळी एक प्रश्न. केशवची बोबडी वळते. दिलरुबाच्या लाडीगोडीलाही त्या असेच उत्तर देतात, ना रागावून ना लाजून. पडद्यावर मुलांच्या आया होत असलेल्या काळात या एका भूमिकेत त्यांना आपल्या वयाची, देखणी, कोणाला तरी हवीशी वाटणारी बाई होता आले. मृत्युलेखांत कोकिळा दोन ओळींत संपते, याचे आम्हाला वाईट वाटते.

दोष सांगायला हवेत. दोन्ही मालिकांत घराबाहेरचे जग जवळपास नाही. ‘तू तू मैं मैं’मध्ये सासू-सून भांडतात आणि कुलदीप पवार व महेश ठाकूर हे बाप-लेक हताश चेहऱ्याने बघत राहतात. कुलदीप पवारांचे ते हताश बघणे फार गोड आहे, पण प्रश्न उरतोच. घर कोणाच्या नावावर, पैसा कोणाच्या हाती, मुलगा बोलत का नाही, हे त्या भांडणात कधी येत नाही. दोन बायका आपसांत भांडत आहेत तोवर तिसऱ्याला कोणी काही विचारत नाही. विनोद करमणुकीपलीकडे गेला असता तर तो इथे गेला असता. गेला नाही.

आणि आमचा म्हणून एक प्रश्न. या सगळ्या हसऱ्या घरांत मुसलमानाचे घर कुठे होते? दूरदर्शनच्या विनोदात मुसलमान आला तर शेरवानी घालून शेर म्हणायला किंवा पान खायला. बाकी नाही. कलावंत मात्र होते. ‘ये जो है जिंदगी’मध्ये आपल्या दापोलीकडचे शफी इनामदार रणजित झाले. ‘देख भाई देख’मध्ये फरीदा जलाल दिवाण कुटुंबाच्या सुहासिनी झाल्या. घरे आमची नव्हती, पण त्या घरांत आमची माणसे होती आणि ती हसवत होती. याला तक्रार म्हणावे की अभिमान, आम्हाला नक्की ठरवता येत नाही. एवढे मात्र खरे की देवकीच्या घरात आम्ही कधी परके नव्हतो. त्या घरातली हिंदी मराठीच्या मुशीतून आलेली, रोखठोक, जमिनीवरची होती. लखनौच्या नजाकतीची उर्दू पुस्तकात वाचणारे आणि घरी ‘नको’, ‘हौ’ म्हणणारे आम्ही. आम्हाला ती आपली वाटली. शुद्ध भाषेत भांडता येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

२००० साली ‘तू तू मैं मैं’ संपली. त्याच वर्षी ३ जुलैला त्याच स्टार प्लसवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली. नाते तेच, वाहिनी तीच, पण घर पार बदलले. आता बायका समोरासमोर भांडेनाशा झाल्या. त्या खिडकीआडून ऐकू लागल्या, डोळे बारीक करून कट रचू लागल्या, आणि चांगली सून सोसू लागली, रडू लागली. असगरी परत आली, भरजरी साडी नेसून. नजीर अहमद यांच्या असगरीला निदान मकतब होते. हिला देवघर आणि अश्रू. खालांच्या दिवाणखान्यात गर्दी तेव्हाही होत होती, उलट वाढली होती. पण अजानच्या वेळी आवाज बंद केला की काही कळत नसे. एकेका चेहऱ्यावर तीन-तीनदा जाणारा कॅमेरा आणि हलणारे ओठ. कोणी हसत नसे.

रीमाबाई त्या लाटेत विनोदापासून दूर गेल्या नाहीत, पण विनोदानेच त्यांना पुरेशा जागा दिल्या नाहीत. २०१३ मध्ये झी मराठीवर ‘तुझं माझं जमेना’मध्ये त्या पुन्हा सासू झाल्या, या वेळी मायबोलीत. वय आता भूमिकेला शोभणारे होते आणि तो अर्धा क्षणाचा थांबा तसाच शाबूत होता. शेवटची भूमिका ‘नामकरण’मधली करारी दयावंती. मृत्यूच्या आदल्या दिवशीपर्यंत त्या चित्रीकरण करीत होत्या. वय अठ्ठावन्न. ज्या वयाच्या भूमिका त्यांनी तिशीत केल्या, ते वय त्यांना प्रत्यक्ष जगायला फारसे मिळालेच नाही.

मागच्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलींनी ‘मिरातुल उरूस’मधला एक प्रसंग बसवला. आम्ही असगरीचा भाग सुचवला होता. त्यांनी अकबरी निवडली, आणि पुस्तकात नसलेले सासू-सुनेचे एक लांबलचक भांडण स्वतः लिहून आणले, अर्धे उर्दूत, अर्धे घरच्या बोलीत. सासूचे काम करणारी मुलगी एरवी वर्गात हजेरीलाही हळू आवाजात उत्तर देते. सुनेचा टोमणा आला तशी तिने मान किंचित मागे घेतली, डोळे मोठे केले, कंबरेवर हात ठेवला आणि थांबली. पाठीमागच्या रांगेतल्या बायका तिने तोंड उघडण्याआधीच हसायला लागल्या. कार्यक्रम संपल्यावर आम्ही तिला विचारले, हे कुठे पाहिलेस? ती म्हणाली, ‘‘कहीं नहीं. हमारी नानी ऐसाच करती.’’